कारखान्याच्या फाटकाआधी

एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने बार्शी लाईट रेल्वे आखताना एक हट्ट धरला होता. इंजिन असो, प्रवाशांचा डबा असो की मालाची वाघीण, कुठल्याही आसावर पाच टनांहून जास्त भार येता कामा नये. त्यामुळे रूळ हलके चालणार होते, पूल हलके चालणार होते आणि खर्चही आटोक्यात राहणार होता. मात्र त्यासाठी गाडीतल्या प्रत्येक वाहनाला ही मर्यादा पाळावी लागणार होती. म्हणून त्याने दाबून घडवलेल्या पोलादाचा एकच सांगाडा ठरवला, २५ फूट लांब आणि ७ फूट रुंद. त्यावर कठडे चढवले की उघडी वाघीण तयार होई, छप्पर घातलं की बंद वाघीण. १८९७ साली ही अडीच फुटी रुळांची गाडी बार्शीहून निघून ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या मुख्य मार्गाला जिथे येऊन मिळाली, त्या स्टेशनाला तेव्हा बार्शी रोड म्हणत. आज ते कुर्डुवाडी जंक्शन आहे. पुढे १९०६ साली गाडी पंढरपूरला गेली, १९११ साली लातूरला आणि १९२७ साली मिरजेला. या सगळ्या पसाऱ्याची दुरुस्ती करणारा कारखाना कुर्डुवाडीतच उभा राहिला.

ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रामिंग शिकवताना बहुतेक पुस्तकं कुत्रा, मांजर आणि मोटारगाडी यांची उदाहरणं देतात. मला कुर्डुवाडीचं यार्ड जास्त उपयोगी वाटतं, कारण तिथे क्लास आणि ऑब्जेक्ट यांतला फरक डोळ्यांना दिसतो. कॅलथ्रॉपच्या टेबलावरचा आराखडा हा क्लास, आणि त्यावरून बांधून रुळावर आलेली एकेक वाघीण हा ऑब्जेक्ट. आराखड्यात ‘रिकामं वजन’ अशी जागा असते, पण तिथे प्रत्यक्ष आकडा नसतो. दोन वाघिणी एकाच सांगाड्याच्या असल्या तरी पत्रा, रिव्हेट, लाकूड यांत थोडाफार फरक पडतोच. म्हणून आकडा मिळतो तो वाघीण काट्यावर चढल्यावर. क्रमांकही असाच ज्याचा त्याचा, आणि बांधणीचं वर्षही. क्लासने नाव देऊन ठेवलेल्या, पण प्रत्येक ऑब्जेक्टने आपापल्या किमतीने भरायच्या या जागांना इन्स्टन्स व्हेरिएबल म्हणतात. त्या कधी भरायच्या, कोणी भरायच्या आणि ज्या भरताच येत नाहीत त्यांचं काय करायचं, हे या प्रकरणात पाहू.

रेल्वेने या प्रश्नाचं उत्तर फार पूर्वीच देऊन टाकलं आहे. मालगाडी फाटकावर थांबली असेल तर वाघिणीच्या अंगावर पाहा. क्रमांक, मालक रेल्वे, प्रकार, रिकामं वजन, वहनक्षमता, बांधणी केव्हाची आणि पुढच्या मोठ्या दुरुस्तीला कारखान्यात केव्हा परतायचं, हे सगळं पांढऱ्या रंगात लिहिलेलं असतं. रंगाऱ्याचं काम उरकल्याशिवाय वाघीण कारखान्याचं फाटक ओलांडत नाही. प्रोग्राममध्ये मात्र हा रंगारी आपणच नेमावा लागतो. तो नेमला नाही तर काय होतं, ते भाषेवर अवलंबून असतं.

सी प्लस प्लस ही भाषा या बाबतीत सर्वांत निष्ठुर. ऑब्जेक्टसाठी मेमरीतला एक तुकडा मागितला की ती तो देते, पण तुकडा पुसून देईलच असं नाही. त्या जागी आधी दुसरं काही ठेवलेलं असेल तर त्याचे बिट्स तसेच पडून असतात. पूर्णांकाच्या व्हेरिएबलला तुम्ही किंमत दिली नाही तर ते बिट्सच पूर्णांक म्हणून वाचले जातात. टर्बो सी प्लस प्लसच्या निळ्या पडद्यावर शिकलेल्या पिढीला हे सांगायला नको. बेरीज १५ यायला हवी तिथे भलताच आकडा यायचा, आणि पुन्हा चालवलं की कधी तोच, कधी वेगळा.

मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरसोबत येणाऱ्या लायब्ररीने डीबग करताना यावर एक चांगली युक्ती केली. ऑब्जेक्टसाठी नवी दिलेली मेमरी ती मुद्दाम एका ठरावीक नमुन्याने भरून ठेवते. तो नमुना पूर्णांक म्हणून वाचला की −८४२१५०४५१ हा आकडा दिसतो. वाघिणीचं रिकामं वजन उणे चौऱ्याऐंशी कोटी टन दिसलं की कोणीही दचकेल, आणि त्याने दचकावं हाच त्यामागचा हेतू. खरी अडचण ग्राहकाला द्यायच्या अंतिम आवृत्तीत येते. तिथे हा नमुना भरला जात नाही. मेमरीत योगायोगाने शून्य असेल तर प्रोग्राम महिनोन्‌महिने सुरळीत चालतो, आणि एके दिवशी काही कारण नसताना कोसळतो.

हा धोका ऑब्जेक्टची कल्पना मांडणाऱ्यांना पहिल्यापासून ठाऊक होता. ऑस्लोच्या नॉर्वेजियन कॉम्प्युटिंग सेंटरमध्ये ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन न्यूगार्ड यांनी सिम्युला ही भाषा घडवली, आणि १९६७ च्या आवृत्तीत क्लास ही गोष्ट आली. रांगा, वाहतूक, यंत्रं यांच्या हालचालींची नक्कल संगणकावर करायची हे त्यांचं काम होतं. तेव्हा ऑब्जेक्ट जन्माला आला की त्याच्या क्लासमध्ये लिहिलेल्या आज्ञा लगेच चालू होत, आणि व्हेरिएबलही आपोआप शून्य किंवा ‘काही नाही’ या स्थितीत येत. म्हणजे जन्म आणि पहिली तयारी या दोन गोष्टी तिथे वेगळ्या नव्हत्याच. केंब्रिजला संशोधन करताना सिम्युला वापरलेल्या बियार्ने स्ट्रूस्ट्रुप यांनी १९७९ साली बेल लॅब्जमध्ये सी भाषेला क्लास जोडायला घेतले, तेव्हा ऑब्जेक्ट तयार होताना आपोआप चालणारं एक फंक्शन त्यांनी सोबत ठेवलं. त्यालाच आपण आज कन्स्ट्रक्टर म्हणतो. भाषेने एवढीच हमी दिली, की ऑब्जेक्ट वापरणाऱ्याच्या हाती पडण्याआधी कन्स्ट्रक्टर चाललेला असेल. कन्स्ट्रक्टरच्या आत सगळ्या जागा भरायच्या की नाही, हे मात्र लिहिणाऱ्यावर सोपवलं. सी भाषेचा वेग राखायचा होता, आणि कोणी न मागितलेलं शून्य भरत बसणं त्या काळी उधळपट्टी वाटे.

१९९५ साली आलेल्या जावाने ही उधळपट्टी पत्करली. जावामध्ये ऑब्जेक्टची प्रत्येक जागा आधी पुसली जाते. संख्या असेल तर शून्य, होय-नाही असेल तर ‘नाही’, दुसऱ्या ऑब्जेक्टकडे बोट दाखवणारी जागा असेल तर नल. मग कन्स्ट्रक्टर चालतो. सी प्लस प्लसचा कचरा गेला, म्हणून पुष्कळांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

मला हे शून्य कचऱ्याहून धोकादायक वाटतं. उणे चौऱ्याऐंशी कोटी टन वजनाची वाघीण यार्डात कोणी उभी करून घेणार नाही. शून्य टनांची वाघीण मात्र सभ्य दिसते. गाडीचं एकूण वजन काढताना बेरजेत ती गुपचूप मिसळून जाते, आणि गाडी खऱ्यापेक्षा हलकी ठरते. इंजिन निवडताना, चढावर मागून दुसरं इंजिन लावायचं की नाही हे ठरवताना तोच खोटा आकडा वापरला जातो. वहनक्षमतेच्या जागी शून्य राहिलं तर उलटी गंमत होते. माल वाटून देणारा प्रोग्राम त्या वाघिणीला कधीच माल देत नाही. ती यार्डाच्या कडेला रिकामी उभी राहते आणि चूक झाली आहे हे कोणाच्या लक्षातही येत नाही.

तारखांच्या बाबतीत हे शून्य एका खास वेषात भेटतं. बहुतेक संगणक काळ मोजतात तो १ जानेवारी १९७० च्या ग्रिनिच मध्यरात्रीपासून. तारखेची जागा कोणी भरलीच नाही आणि तिथे शून्य राहिलं, तर पडद्यावर भारतीय वेळेनुसार १ जानेवारी १९७०, पहाटे साडेपाच असं उमटतं. एखाद्या संकेतस्थळावर किंवा मोबाईलमधल्या फोटोवर ही तारीख तुम्ही पाहिली असेल, तर त्यामागे कुठेतरी न भरलेली जागा असण्याची शक्यता फार मोठी.

आणि नल? ‘इथे काहीच नाही’ असं सांगणारी ही खूण टोनी होर यांनी १९६५ साली अल्गॉल डब्ल्यू भाषेसाठी आणली. अंमलात आणायला ती अगदी सोपी होती. २००९ साली एका व्याख्यानात त्यांनीच तिला आपली अब्ज डॉलरची चूक म्हटलं. तिचा त्रास असा की, जागा मुद्दाम रिकामी ठेवली आहे की भरायची विसरली आहे, हे नल पाहून कळत नाही.

वाघिणीवरची ‘शेवटची मोठी दुरुस्ती’ ही जागा घ्या. दर काही वर्षांनी वाघीण कारखान्यात येते, तिची चाकं, बेअरिंग, ब्रेक सगळं सोडवून तपासलं जातं आणि तारीख रंगवली जाते. कारखान्यात सगळे त्याला पीओएच म्हणतात. आता नव्या कोऱ्या वाघिणीचं पीओएच कुठलं? ते झालेलंच नाही. तिथे शून्य लिहिणं खोटं आहे. बांधणीची तारीखच टाकून देणं सोयीचं, पण तेही खोटंच, कारण मग कधीच दुरुस्त न झालेली वाघीण आणि त्या दिवशी दुरुस्त झालेली वाघीण यांत फरक राहत नाही. इथे ‘अजून झालेलं नाही’ ही स्वतंत्र किंमत हवी. स्विफ्ट, कोटलिन यांसारख्या नव्या भाषा हेच करायला लावतात. जागा रिकामी असू शकते असं आराखड्यातच लिहावं लागतं, आणि तसं लिहिलेलं नसेल तर ती भरल्याशिवाय प्रोग्राम कंपाइलच होत नाही. कारखान्याच्या फाटकावर आता पहारेकरी आला आहे.

म्हणून कन्स्ट्रक्टर लिहायला बसण्यापूर्वी प्रत्येक जागेला दोन प्रश्न विचारावेत. जन्माच्या वेळी ही किंमत माहीत असते का? आणि पुढे ती बदलते का? क्रमांक आणि बांधणीचं वर्ष जन्मतःच माहीत असतं आणि पुढे बदलत नाही. अशी जागा एकदा भरून कायमची बंद करावी. जावामध्ये तिच्यापुढे ‘फायनल’ लिहितात. सध्या कोणत्या स्टेशनात आहे ही जागाही जन्मतः भरता येते, पण ती रोज बदलणार. पीओएच जन्मतः माहीतच नसतं. आणि काही जागा मुळात असूच नयेत. पुढच्या दुरुस्तीची तारीख शेवटच्या दुरुस्तीवरून किंवा बांधणीवरून काढता येत असेल, तर ती वेगळी साठवून ठेवण्यात फायदा नाही. दोन ठिकाणी एकच गोष्ट लिहिली की कधी ना कधी त्या दोहोंचं पटेनासं होतं.

वाघिणीचा प्रकारही असाच फसवा. भारतीय रेल्वेच्या वाघिणीचा क्रमांक अकरा अंकी असतो. पहिले दोन अंक प्रकार सांगतात, पुढचे दोन मालक रेल्वे, त्यापुढचे दोन बांधणीचं वर्ष, मग चार अंकी अनुक्रमांक आणि शेवटी एक पडताळा अंक. प्रकार, मालक आणि वर्ष क्रमांकातच दडलेलं आहे. तेव्हा कन्स्ट्रक्टरने क्रमांक घ्यावा आणि ‘बंद वाघीण’, ‘मध्य रेल्वे’ ही उत्तरं विचारणाऱ्याला त्यातूनच काढून द्यावीत.

तो शेवटचा पडताळा अंक आपल्या विषयाच्या फार कामाचा आहे. समजा क्रमांकाचे पहिले दहा अंक ३१०११२०४५७ असे आहेत. हा क्रमांक मी मनाने रचला आहे. यातले सम स्थानांवरचे अंक १, १, २, ४, ७. त्यांची बेरीज १५, तिची तिप्पट ४५. विषम स्थानांवरचे ३, ०, १, ०, ५, बेरीज ९. एकूण ५४. पुढची दहाची पट ६० व्हायला ६ कमी पडतात, म्हणून पडताळा अंक ६. आता यार्डातल्या कारकुनाने घाईत शेवटच्या ५७ ऐवजी ७५ लिहिलं. सम स्थानांची बेरीज १३, तिप्पट ३९, विषम स्थानांची ११, एकूण ५०. पडताळा अंक ० यायला हवा, पण कागदावर ६ आहे. क्रमांक चुकला हे मूळ वाघीण न पाहता कळलं.

ही तपासणी कन्स्ट्रक्टरच्या आत करावी, बाहेर नाही. क्रमांक चुकीचा असेल तर कन्स्ट्रक्टरने तक्रार करून थांबावं आणि ऑब्जेक्ट जन्मालाच येऊ देऊ नये. ‘आधी बनवू, मग तपासू’ असं म्हटलं की चुकीची वाघीण थोडा वेळ तरी प्रोग्रामभर फिरते, आणि तेवढ्या वेळात तिची नोंद दहा ठिकाणी होऊन बसते. जावाच्या जगात एक सवय फार रुळली आहे. रिकामा कन्स्ट्रक्टर ठेवायचा, मग एकेक जागा भरणारी फंक्शन्स एकामागून एक बोलवायची. जॉशुआ ब्लॉक यांनी ‘इफेक्टिव्ह जावा’ या पुस्तकाच्या २००८ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून या सवयीवर कोरडे ओढले आहेत. दोन फंक्शन्सच्या मध्ये ऑब्जेक्ट अर्धवट अवस्थेत असतो, आणि तो पूर्ण झाला हे सांगणारा कोणी नसतो. तरीही सवय सुटत नाही, कारण डेटाबेसशी बोलणाऱ्या काही लोकप्रिय साधनांना रिकामा कन्स्ट्रक्टर लागतोच. साधनासाठी तो ठेवावा लागला तर ठेवावा, पण बाकीच्यांना तो वापरता येऊ नये असा बंदोबस्त करावा.

आता गेज. रुळांमधलं अंतर ही जागा क्लासची की प्रत्येक वाघिणीची? १९३० सालच्या बार्शी लाईटपुरता विचार केला तर उत्तर सोपं आहे. कंपनीची प्रत्येक वाघीण ७६२ मिलिमीटरची. तो आकडा दर वाघिणीवर वेगळा लिहून काय मिळणार? क्लासवर एकदाच लिहावा, सगळ्यांनी तिथूनच वाचावा. पण कुर्डुवाडी हे दोन गेज भेटण्याचं ठिकाण होतं. मुख्य मार्ग १६७६ मिलिमीटरचा. लातूरकडून आलेला माल इथे छोट्या वाघिणीतून उतरवून मोठ्या वाघिणीत चढवावा लागे. त्या यार्डाचा हिशेब ठेवायचा तर गेज हे वाघिणीगणिक वेगळं हवं. शिवाय कुर्डुवाडीच्या कारखान्यात नेरळ-माथेरानचे डबेही दुरुस्तीला येत आले आहेत, आणि त्यांचं गेज तिसरंच, ६१० मिलिमीटर. म्हणजे एकच गोष्ट एका प्रोग्राममध्ये क्लासची असते आणि दुसऱ्यात ऑब्जेक्टची. तुमच्या यार्डात काय काय येणार आहे, यावर ते ठरतं. क्लासवर लिहिलेला आकडा बदलला की सगळ्या वाघिणींचं गेज एका क्षणात बदलतं. इतकं सोपं असतं तर मिरज-लातूर मार्गाचं ब्रॉडगेज होण्यासाठी या भागाला एकविसाव्या शतकाची वाट पाहावी लागली नसती.

पायथनमध्ये क्लास आणि ऑब्जेक्ट यांची ही सरमिसळ एका प्रसिद्ध सापळ्याला जन्म देते. समजा सोलापूर विद्यापीठातल्या संगणकशास्त्राच्या एका विद्यार्थिनीने वाघिणीचा क्लास लिहिला. ‘दुरुस्त्या’ नावाची रिकामी यादी तिने क्लासच्या अंगात, कन्स्ट्रक्टरच्या बाहेर लिहिली. दिसायला हे अगदी स्वच्छ दिसतं. एका वाघिणीच्या यादीत ‘ब्रेक ब्लॉक बदलले’ अशी नोंद केली की यार्डातल्या झाडून सगळ्या वाघिणींचे ब्रेक ब्लॉक बदललेले दिसतात. कारण यादी एकच आहे, आणि ती क्लासची आहे. ऑब्जेक्टला स्वतःची यादी मिळालेलीच नाही, म्हणून तो क्लासच्या यादीत लिहितो.

यादीऐवजी तिथे साधा आकडा असता तर ही चूक कदाचित दिसलीच नसती. पायथनमध्ये ऑब्जेक्टमार्फत एखाद्या नावाला नवी किंमत दिली की त्या ऑब्जेक्टवर नवी जागा तयार होते आणि क्लासचा आकडा तसाच राहतो. म्हणून वजन, वर्ष, अंतर यांच्या बाबतीत सगळं ठीक चालतं. विद्यार्थिनीची खात्री पटते की जागा क्लासच्या अंगात लिहिणंच योग्य. मग यादी येते, आणि तिच्यात भर घालताना नवी जागा तयार होत नाही, जुन्याच यादीत भर पडते. उपाय एका ओळीचा आहे. यादी कन्स्ट्रक्टरच्या आत, म्हणजे पायथनच्या इनिट फंक्शनमध्ये तयार करावी, म्हणजे प्रत्येक वाघिणीच्या जन्माच्या वेळी नवी यादी जन्मेल. याच सापळ्याचं दुसरं रूप म्हणजे इनिटच्या कंसात ठरीव किंमत म्हणून रिकामी यादी लिहिणं. ती ठरीव किंमतही फंक्शन लिहिलं जातं तेव्हा एकदाच तयार होते, आणि पुढे सगळ्यांना तीच वाटली जाते.

जाता जाता एक गोष्ट सांगायला हवी. २००८ साली आलेल्या पायथन ३ पासून व्हेरिएबलची नावं देवनागरीतही ठेवता येतात. गेज, मालक, रिकामं_वजन ही नावं चालतात. कन्स्ट्रक्टरच्या पहिल्या पॅरामीटरला ‘स्वतः’ असं नाव दिलं तरी चालतं. भाषेचे राखीव शब्द तेवढे रोमन लिपीतच राहतात, त्यामुळे पान धेडगुजरी दिसतं खरं. तरीही पहिल्यांदा शिकणाऱ्या मुलाला कुठला शब्द भाषेचा आणि कुठला आपण ठेवलेला, हे त्यामुळे चटकन कळतं. शिक्षकांनी हा प्रयोग करून पाहायला हरकत नाही.

क्रमाची भानगड अजून राहिली आहे. कॅलथ्रॉपच्या हिशेबात वहनक्षमता अशी निघते: चार आस, प्रत्येकावर पाच टन, म्हणजे भरलेली वाघीण जास्तीत जास्त २० टनांची. त्यातून रिकामं वजन वजा केलं की उरेल तेवढा माल. सी प्लस प्लसमध्ये हे वजाबाकीचं गणित कन्स्ट्रक्टरच्या आरंभिक यादीत लिहिता येतं. पण त्या जागा यादीतल्या क्रमाने भरल्या जात नाहीत. क्लासमध्ये ज्या क्रमाने त्या जाहीर केल्या, त्याच क्रमाने भरल्या जातात. ‘वहनक्षमता’ वर जाहीर केली आणि ‘रिकामं वजन’ खाली, तर वजाबाकी आधी होते. अजून न भरलेल्या वजनातला कचरा २० मधून वजा होतो. यादी वाचणाऱ्याला सगळं बरोबर दिसतं, कारण तिच्यात वजन आधी आहे. चांगले कंपायलर इशारा देतात. तो वाचायची सवय हवी.

वारसा आला की जावातही असाच गोंधळ होतो. सर्वसाधारण वाघीण हा मूळ क्लास, आणि तेल वाहणारी टाकीची वाघीण हा त्याचा उपक्लास. ऑब्जेक्ट तयार होताना मूळ क्लासचा कन्स्ट्रक्टर आधी चालतो. हे रास्तच आहे, सांगाड्याआधी टाकी बसवता येत नाही. पण मूळ कन्स्ट्रक्टरने शेवटी ‘पाटी रंगव’ हे फंक्शन बोलावलं, आणि उपक्लासने ते फंक्शन स्वतःच्या पद्धतीने लिहिलं असेल, तर जावा उपक्लासचंच चालवते. रंगारी टाकीचे लिटर विचारतो. टाकीची जागा अजून भरलेलीच नाही, तिथे जावाने पुसून ठेवलेलं शून्य आहे. पाटीवर रंगतं: क्षमता ० लिटर. त्यानंतर उपक्लासचा कन्स्ट्रक्टर खरा आकडा भरतो, पण पाटी रंगून गेलेली असते. जागेपुढे ‘फायनल’ लिहिलं असेल तरी हे टळत नाही. कधी न बदलणारी म्हणून जाहीर केलेली जागा आधी शून्य आणि मग वेगळाच आकडा दाखवते. सी प्लस प्लसमध्ये याच ठिकाणी मूळ क्लासचं फंक्शन चालतं, म्हणजे चूक होते ती वेगळी होते. कन्स्ट्रक्टरमधून असं बदलता येणारं फंक्शन बोलावू नये, हा सल्ला वर्षानुवर्षं दिला गेला. मूळ कन्स्ट्रक्टरच्या आधीच स्वतःच्या जागा भरून घेण्याची सोय जावाने २०२५ च्या सप्टेंबरमध्ये, पंचविसाव्या आवृत्तीत कायम केली. भाषा तोवर तीस वर्षांची झाली होती.

आतापर्यंत आपण वाघीण ‘जन्माला येते’ असं म्हणत आलो. पण रेल्वेच्या संगणकात काय घडतं पाहा. मालवाहतुकीची माहितीप्रणाली क्रिस ही रेल्वेची संस्था सांभाळते. १९८६ साली स्थापन झालेल्या या संस्थेच्या सर्व्हरवर कुठल्याही वाघिणीची चौकशी झाली की डेटाबेसमधली नोंद वाचून तिचं रूप मेमरीत उभं करावं लागतं. काम झालं की ते मिटतं, आणि पुन्हा चौकशी आली की पुन्हा उभं राहतं. पोलादाची वाघीण एकदाच बांधली जाते, पण मेमरीतली दिवसातून कितीदा तयार होईल याला गणती नाही. असा प्रोग्राम लिहिणाऱ्याने कन्स्ट्रक्टरमध्ये ‘बांधणीची तारीख म्हणजे आजची तारीख’ अशी ओळ सोयीसाठी टाकली, तर कोणी चौकशी केली की वाघीण पुन्हा नवी होते. वीस वर्षं रुळांवर घासलेली वाघीण आज सकाळीच कारखान्यातून आली असं पडद्यावर दिसतं, आणि तिची पीओएचची पाळी कधीच येत नाही.

म्हणून अशा क्लासला दोन दारं ठेवतात आणि दोघांना वेगळी नावं देतात. ‘नवी बांधणी’ या दारातून येणाऱ्या वाघिणीला आजची तारीख मिळते, तिच्या दुरुस्त्यांची यादी रिकामी असते आणि पीओएच ‘अजून झालेलं नाही’ असतं. ‘नोंदीवरून उभारणी’ या दारातून येणाऱ्या वाघिणीला काहीही ठरीव मिळत नाही. तारीख, यादी, पीओएच सगळं नोंदीतून आलंच पाहिजे, आणि एखादी जागा नोंदीत सापडली नाही तर शून्य न भरता तिथेच तक्रार करून थांबायचं. खरा कन्स्ट्रक्टर दोन्ही दारांच्या मागे लपवलेला असतो. अकरा अंकांचा पडताळा तिथे दोन्हीकडून येणाऱ्यांचा होतो, कारण जुन्या नोंदीतला क्रमांकही कधीतरी कोणीतरी हाताने लिहिलेला असतो.